उतारा दुसऱ्याच्या नावावर: सांगलीतल्या एका डोमेन-चोरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांचं एक ऑफिस आहे. दोन भागीदार, एक प्रोग्रामर, फोन घेणारी एक मुलगी आणि केंद्रांवर फिरणारी दोन पोरं. धंदा एकच, दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर. काट्यावरून लिटर घ्यायचं, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) घ्यायचं, दर लावून उत्पादकाच्या हातात पावती द्यायची आणि दहा दिवसांनी बिल काढायचं. मिरज, तासगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांत सव्वाशेच्या आसपास केंद्रांवर ते चालतं. मी नेटवर्क आणि सुरक्षेची कामं करतो. काही अडलं की हे लोक मला बोलावतात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच आहे.

सॉफ्टवेअर चांगलं होतं. केंद्राचे सचिव बहुतेक साठीच्या आसपासचे, आणि त्यांना एकच गोष्ट पाठ होती: काही बिघडलं तर कंपनीच्या साइटवर जायचं, तिथून नवीन सेटअप घ्यायचा. पंधरा वर्षांच्या जवळपास त्या नावाने कुणाला दगा दिला नव्हता. प्रोग्रामसुद्धा त्याच नावावर चालायचा. उघडताना साइटवरची एक छोटी फाइल वाचायचा, तिच्यातला आवृत्तीचा क्रमांक आपल्यापेक्षा वेगळा दिसला की सेटअप उतरवायचा आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवायचा. साधं एचटीटीपी, म्हणजे कुलूप नसलेली जोडणी, आणि सेटअपवर तो कंपनीचाच आहे हे दाखवणारी डिजिटल सही नाही. त्यात भर म्हणजे अँटिव्हायरस काट्याच्या पोर्टवरून वाचणाऱ्या फाइलला चोर समजायचा, म्हणून प्रत्येक केंद्रावर तो फोल्डर तपासणीतून वगळून ठेवलेला.

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, मात्र कंपनीच्या नावावर नव्हतं. २००९ साली धंदा सुरू झाला तेव्हा थोरल्या भागीदारांना (त्यांना सगळे काकाच म्हणतात) डोमेन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ओळखीच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी ते आपल्या खात्यातून, आपल्या ईमेलवर घेऊन दिलं. नंतर एकदम दहा वर्षांचे पैसे भरून टाकले आणि विषय मिटला. क्लास बंद पडला, सर पुण्याला गेले, मधे जुन्या कॉम्प्युटरच्या पैशांवरून काकांचं आणि त्यांचं वाजलं. बोलणं बंद.

काय घडलं

मंगळवारी पहाटे साडेपाचच्या सुमाराला पलूस तालुक्यातल्या एका केंद्रावरून फोन आला. सचिव म्हणाले, "अपडेट विचारलं, मी हो म्हटलं, काळी खिडकी येऊन गेली आणि आता काहीच हलंना. दारात माणसं कॅन घेऊन उभी हायत." मुलीने नेहमीचं उत्तर दिलं, मशीन बंद करून चालू करा. सव्वासहाला तासगावकडून दुसरा फोन. साडेसातला एकाने मोबाइलवर साइट उघडली तर त्याला इंग्रजी जाहिरातींचं एक पान दिसलं.

प्रोग्रामरने ऑफिसात साइट उघडली. ती नीट उघडली, नेहमीचं निळं पान, काट्याचं चित्र. "माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय," असं तो प्रत्येकाला सांगत राहिला, आणि त्यात दोन तास गेले. तो खोटं बोलत नव्हता. डॉट कॉम नावांसाठी कुठल्या नेमसर्व्हरला (नावावरून साइटचा सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या संगणकाला) विचारायचं हे सांगणारी नोंद इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवसांपर्यंत आपल्याजवळ जपून ठेवू शकतात. ऑफिसच्या लाइनवर जुनी नोंद शिल्लक होती, सचिवाच्या मोबाइल कंपनीकडे नवी पोचली होती. दोन दिवस दोन माणसं एकाच नावाने दोन वेगळ्या जागी जाऊ शकतात. हे त्या खोलीत मी पोचेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

मी पोचलो साडेनऊला. तोपर्यंत त्यांनी होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलेली आहे त्या सर्व्हरचा, पासवर्ड बदलला होता, सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली तपासल्या होत्या आणि त्यांत काहीच सापडलं नव्हतं. सापडणार नव्हतंच. काकांना मी शेतीच्या भाषेत सांगितलं, कारण त्यांची वाळव्याला जमीन आहे. सर्व्हर म्हणजे तुमचं शेत. त्याचं कुंपण, विहीर, पीक सगळं जागेवर आहे. डोमेन म्हणजे सातबारा. कुणीतरी तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घेतला, आणि फेरफाराची नोटीस गेली ती पुण्यातल्या सरांच्या जुन्या पत्त्यावर. आता येणाराजाणारा उतारा बघतो आणि दुसऱ्याच्या बांधावर जातो. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण सकाळपासून विहिरीत गाळ शोधत बसलो."

नोंदी काढल्यावर फेरफाराची तारीखही दिसली. डोमेन दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या देशातल्या रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) हलवलं गेलं होतं. हलवताना नेमसर्व्हर तेच ठेवले, त्यामुळे साइट चालू राहिली आणि कुणाला काही जाणवलं नाही. नेमसर्व्हर बदलले ते त्या मंगळवारी पहाटे.

ही पद्धत आमच्यासाठी कुणी शोधून काढलेली नव्हती. पर्ल या संगणकभाषेची पर्ल डॉट कॉम ही साइट २७ जानेवारी २०२१ला अशीच हातातून गेली. तपासात दिसलं की खात्यावरचा ताबा बहुधा सप्टेंबर २०२०मध्येच गेला होता, डिसेंबरमध्ये नाव एका चिनी रजिस्ट्रारकडे आणि जानेवारीत पुन्हा तिसरीकडे हललं, आणि नेमसर्व्हर शेवटी बदलले. मग ते नाव १,९०,००० डॉलरला विक्रीला लावलेलं आढळलं. १९९४पासूनचं नाव, जगभरचे प्रोग्रामर वापरणारे, आणि तरीही मधले काही महिने कुणाला पत्ता नव्हता. एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे नाव गेलं की ६० दिवस ते पुन्हा हलवायला रजिस्ट्रार नकार देऊ शकतो. हा नियम मालकाच्या बचावासाठी आहे, पण थांबायची तयारी असलेल्या चोराला त्याने काही फरक पडत नाही.

आमच्याकडे शिरकाव झाला तो सरांच्या ईमेलमधून. पासवर्ड जुना, दुसरीकडे कुठे तरी वापरलेला, दुहेरी पडताळणी नाही. आत शिरलेल्याने एक फिल्टर लावून ठेवला होता: रजिस्ट्रारकडून आलेलं पत्र थेट कचऱ्यात. सर ते मेल रोज बघत होते, तरीही त्यांना एकही सूचना दिसली नाही.

आणि अपडेटचं काय? इथे मला आधी वाटलं होतं की कुणीतरी दूध केंद्रांवर नेम धरलाय. तसं काही नव्हतं. चोराच्या सर्व्हरवर आवृत्तीची फाइल मागितली की जाहिरातीचं पान मिळत होतं. आमच्या प्रोग्रामने त्या पानाची पहिली ओळ वाचली, ती आपल्या क्रमांकाशी जुळेना, म्हणून ठरवलं की नवीन आवृत्ती आली. "मोठा आहे का" असं विचारायच्या जागी "वेगळा आहे का" असं विचारणारी ती एक ओळ प्रोग्रामरने पाच वर्षांपूर्वी लिहिली होती. मग त्याने सेटअप मागितला. त्या सर्व्हरला कुणी कुठलीही ईएक्सई (विंडोजवर चालवायची फाइल) मागितली की तो आपली एक ठरलेली फाइल देत होता. दुसऱ्याचं संगणक लांबून चालवणारा ट्रोजन होता तो. चोराला फॅट, एसएनएफ कशाचीच कल्पना नसावी. नाव हातात आलं आणि आमची मशीनं आपणहून दारात गेली.

पर्याय

दुसऱ्या दिवशी दहा दिवसांचं बिल निघायचं होतं. त्यामुळे चर्चा शांतपणे झाली असं मी म्हणणार नाही.

पहिलं मत धाकट्या भागीदारांचं: नाव परत मिळेपर्यंत गप्प बसू. बोंब झाली तर डेअरीवाले दुसरं सॉफ्टवेअर आणतील. हे मत स्वार्थी वाटतं, पण त्यामागे हिशोब होता. बहुतेक केंद्रं नेट फक्त रात्री, डेटा पाठवताना जोडतात; म्हणजे दिवसभरात सगळ्यांना लागण होणार नव्हती. माझं म्हणणं उलट होतं. रात्र पडायला दहा तास होते, आणि आपल्याला मिळालेला वेळ तेवढाच.

दुसरा पर्याय प्रोग्रामरचा: दुरुस्त आवृत्ती ढकलू. कुठून ढकलणार? अपडेटचा रस्ता त्या नावावरूनच जात होता.

तिसरा, नवीन डोमेन घेऊन जुनं सोडून द्यायचं. तासाभरात होण्यासारखं, आणि तरीही चुकीचं. सव्वाशे मशीनं रोज जुनंच नाव विचारणार. नाव सोडलं तर ते ज्याच्या हाती जाईल त्याला ती मशीनं आयती मिळणार. दुसऱ्यांच्या साइटींना तयार कोड पुरवणाऱ्या पॉलिफिल डॉट आयओचं उदाहरण मी दिलं. तिथे चोरी झालीच नव्हती. फेब्रुवारी २०२४मध्ये ते डोमेन रीतसर विकलं गेलं, आणि जूनमध्ये उघड झालं की त्या नावावरून मिळणाऱ्या कोडमध्ये घातक भाग घुसवला जातोय. एक लाखाहून जास्त संकेतस्थळं तो कोड वापरत होती. त्या साइटवाल्यांनी काही केलं नव्हतं, त्यांच्या पानांवर फक्त एक जुनी ओळ राहिली होती.

चौथा पर्याय काकांचा. नाव विक्रीला दिसतंय, आकडा फार मोठा नाही, "द्या टाकून आणि मोकळे व्हा." मी विरोध केला. तत्त्वापेक्षा व्यवहाराचं कारण सांगितलं: पैसे दिले की आपण मान्य केलं की नाव त्याचं होतं, आणि मग रजिस्ट्रारकडे चोरीची तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

कृती

ठरलं असं: केंद्रांना आजच, खरं ते सांगायचं, आणि नावासाठी समांतर लढायचं.

सांगायचं कसं, इथे खरी अडचण आली. साइट गेलेली. सपोर्टचा ईमेल त्याच डोमेनवर, म्हणजे तोही गेलेला. व्हॉट्सॲपचा ग्रुप होता. काकांनी सुचवलं, एक छोटी बॅच फाइल ग्रुपवर टाकू, सचिवांनी ती चालवली की काम झालं. फाइल बरोबर होती. ती विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घालत होती, की या नावाला विचारलं तर १२७.०.०.१ला, म्हणजे स्वतःकडेच जा. दहा मिनिटांत सगळी केंद्रं सुरक्षित झाली असती.

मी नको म्हटलं, आणि या निर्णयावर अजूनही आमच्यात एकमत नाही. ज्या दिवशी कंपनीच्या नावाने खोटी फाइल फिरतेय, त्याच दिवशी कंपनीनेच व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवून चालवायला सांगायचं? उद्या चोराने तसाच निरोप पाठवला तर सचिव फरक कसा करणार? काकांचं म्हणणं, तुझं तत्त्व बरोबर, पण त्याची किंमत मोटरसायकलवर तीन दिवस फिरणाऱ्या पोरांनी मोजली.

मार्ग काढला तो फोन घेणाऱ्या मुलीने. तिचे वडील दुधाच्या टेम्पोवर आहेत. ती म्हणाली, "टेम्पो दिवसातून दोनदा प्रत्येक केंद्रावर जातोच की." डेअरीच्या सुपरवायझरांशी बोललो, त्यांच्या सहीशिक्क्याची चिठ्ठी छापली आणि संध्याकाळच्या फेरीला टेम्पोवाल्यांच्या हाती दिली. चिठ्ठीत चार ओळी: संगणकाचं नेट काढून ठेवा. सॉफ्टवेअरने अपडेट विचारलं तर 'नाही' दाबा. व्हॉट्सॲपवर आमच्या नावाने आलेली कुठलीही फाइल चालवू नका. आमचा माणूस येईल, तेव्हा सुपरवायझर तुम्हाला आधी फोन करतील. डेटा तीन दिवस पेनड्राइव्हवर, त्याच टेम्पोने. बिल एक दिवस उशिरा निघालं, आणि त्याबद्दल उत्पादकांची बोलणी सचिवांनी खाल्ली.

चिठ्ठी पोचेपर्यंत सात मशीनांवर ती फाइल चाललेली होती. सातही उचलून आणली, डेटा वेगळा काढला आणि विंडोज नव्याने टाकलं. नुसतं अँटिव्हायरस फिरवून परत द्यायचा मोह होता, पण जिथे कुणीतरी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसून गेलं ती मशीन पुसल्याशिवाय देऊ नये हे माझं मत पक्कं आहे. त्यातल्या एका मशीनवर संस्थेचं नेटबँकिंग चालायचं. बँकेला फोन करून ते त्याच दुपारी बंद करवलं. पैसे गेले नाहीत.

नाव परत मिळवणं

सरांना फोन कुणी करायचा यावर अर्धा तास गेला. शेवटी काकांनीच केला. कागदावर मालक सर होते. त्यांच्या ओळखपत्राशिवाय आणि पत्राशिवाय जुना रजिस्ट्रार तक्रार घेत नव्हता. सर दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून आले. जुन्या पैशांचा विषय त्यांनी काढला नाही; काकांनी चहा झाल्यावर स्वतःच काढला आणि मिटवला.

पुरावा म्हणून आम्ही दिलं ते असं: डोमेनच्या पैशांची क्लासची पावती, काकांच्या बँकेचा उतारा, साइटचं नाव छापलेली सगळ्या वर्षांची बिलं, साइटींची पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमधली आमची जुनी पानं, आणि सरांच्या मेलमधल्या त्या फिल्टरचं चित्र. शेवटचं सगळ्यांत उपयोगी पडलं. दोन रजिस्ट्रारांनी तातडीने एकमेकांशी बोलावं म्हणून आयकॅनच्या (जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमांत एक आणीबाणीचा संपर्क ठेवलेला असतो आणि त्यावर चार तासांत प्रतिसाद द्यावा लागतो. पण तो रस्ता रजिस्ट्रारांसाठी आहे, ग्राहकांसाठी नाही. आपल्या रजिस्ट्रारने तो वापरावा यासाठी आपण मागे लागायचं. हस्तांतर दोन महिन्यांपूर्वीचं, त्यामुळे ते कचरत होते. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर केलेल्या तक्रारीची पावती जोडल्यावर गाडी हलली.

सर्ट-इनलाही (सायबर घटनांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) कळवलं, पण उशिरा. २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा असतो. आम्ही दुसऱ्या दिवशी कळवला. ही माझी चूक. मला नियम माहीत होता आणि त्या दिवशी डोक्यात टेम्पो होते.

अकराव्या दिवशी नाव परत आलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत मोठी हुकलेली गोष्ट ईमेलची. डोमेन ज्याच्याकडे, त्या डोमेनवरची सगळी पत्रंही त्याच्याकडे. होस्टिंग, बँकेचे निरोप, आणि मुख्य म्हणजे उत्पादकांना बिलाचा एसएमएस पाठवणारं खातं, या सगळ्यांचा "पासवर्ड विसरलात?" त्याच पत्त्यावर जात होता. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेत) नोंदवलेल्या कंपनीच्या शीर्षकाने, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाने, हजारो शेतकऱ्यांच्या मोबाइलवर काहीही पाठवता आलं असतं. हे मला बुधवारी दुपारी सुचलं. पहिल्या तासात करायचं काम ते, सेटअपच्या आधीचं. नशिबाने तिकडे कुणी हात लावला नव्हता.

दुसरं, ब्राउझरमधल्या कुलपाच्या खुणेवरचा विश्वास. प्रोग्रामर म्हणाला होता, अपडेट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूप असलेल्या जोडणीवर, असतं तर वाचलो असतो. नसतो वाचलो. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र मोफत देणारी संस्था एवढंच तपासते की मागणाऱ्याचा त्या नावावर ताबा आहे का. ताबा चोराचाच होता, आणि प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत आमच्या नावाचं नवं प्रमाणपत्र मंगळवारी पहाटेच निघालेलं दिसलं. सप्टेंबर २०१७मध्ये फॉक्स-आयटी या नेदरलँड्समधल्या सुरक्षा कंपनीच्या डोमेनच्या नोंदी अशाच बदलल्या गेल्या होत्या आणि दहा तासांहून थोडा जास्त वेळ त्यांच्या ग्राहक-पोर्टलची ये-जा मधल्यामध्ये वाचली जात होती, तीही वैध प्रमाणपत्रासह. त्यांचं काम सुरक्षेचं. आपण तर दूध मोजतो.

वाचवलं असतं ते सेटअपवरच्या सहीने. आता प्रोग्राममध्ये सही तपासणारी एक सार्वजनिक किल्ली भरलेली आहे. तिच्याशी जुळणारी सही नसेल तर सेटअप कुठूनही येवो, तो चालत नाही. सही करणारी खासगी किल्ली नेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर, काकांच्या लोखंडी कपाटात. डोमेन कंपनीच्या नावावर घेतलं, त्याचा ईमेल दुसऱ्याच डोमेनवरचा ठेवला, दुहेरी पडताळणी लावली आणि रजिस्ट्री लॉक (डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडचं कुलूप) घेतला. साध्या रजिस्ट्रार-लॉकने भागलं नसतं, कारण खात्यात शिरलेला माणूस तो एका क्लिकने काढतो. रजिस्ट्री लॉक काढायला माणसाने माणसाला फोन करून खात्री करावी लागते. आणि एक वीस ओळींची स्क्रिप्ट दर तासाला नेमसर्व्हर आणि रजिस्ट्रारचं नाव तपासते. ती आधी असती तर दोन महिन्यांपूर्वीच ओरडली असती.

बॅच फाइलबद्दल मी पुन्हा तेच करीन का? बहुतेक हो. पण पुढच्या वेळी टेम्पो सकाळच्या फेरीला काढीन. सकाळचे दोन तास "माझ्याकडे दिसतंय" यात आणि एक तास पर्यायांवर वाद घालण्यात गेला, आणि सातातली तीन मशीनं दुपारनंतर लागली.

निकाल

नाव परत आलं तरी साइट लगेच सुधारली नाही. ब्राउझर आठवडाभर धोक्याचा इशारा देणारं लाल पान दाखवत होते, दोन अँटिव्हायरस कंपन्यांच्या यादीतून नाव काढायला वेगळे अर्ज करावे लागले. पर्ल डॉट कॉमचंही असंच झालं होतं. सचिवांना मात्र लाल पान बघून बरं वाटायचं; चिठ्ठीत लिहिलेलं खरं आहे याची त्यांना ती खूण वाटायची. डेअरीने सॉफ्टवेअर बदललं नाही. पोरांनी सगळ्या केंद्रांवर नवी आवृत्ती टाकली, यादीवर शेवटची टिकही झाली.

मग प्रोग्रामरने सर्व्हरच्या नोंदी काढल्या. जुन्या पद्धतीने आवृत्तीची फाइल मागणाऱ्या विनंत्या थांबायला हव्या होत्या. थांबल्या नव्हत्या. रोज पहाटे पाच ते सात या वेळात एकोणीस मशीनं अजून विचारत होती, आणि त्यातलं एकही यादीतलं नव्हतं. परवाना न घेता एकाच्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्याकडे गेलेल्या त्या प्रती. त्या मंगळवारीही ती विचारत असणार, आणि त्यांच्यापर्यंत ना चिठ्ठी पोचली ना फोन. काका आधी चिडले. मग त्यांनी सुपरवायझरांकडून टेम्पोच्या सगळ्या मार्गांचा नकाशा मागवला, आणि आता दर रविवारी दोन पोरं एकेका मार्गावर जाऊन विचारतात की इथे अजून कुणाकडे आपला प्रोग्राम आहे का, पैशांचं काही नाही, फक्त बदलून देतो. आतापर्यंत अकरा सापडली.